इराकी कुर्दिस्तानात बाळंतपण होणार आहे. तिथल्या शेजारणींचे काढे आणि घरगुती उपाय कितपत करावेत?

काढ्यांचं शेवटी सांगते. आधी तुम्ही प्रश्नाखाली सहज लिहून गेलात ना, ‘परक्या बायकांच्या हातात बाळ कसं द्यायचं’, त्याबद्दल. हेच वाक्य माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मला पुण्याहून फोनवर ऐकवलं होतं, लेक अकरा दिवसांची असताना.

आम्ही सुलेमानीला होतो. जानेवारी, बाहेर बर्फ, वीज सारखी जायची, खोलीत रॉकेलची शेगडी. तिकडे तिला ‘सोपा’ म्हणतात. आईचा व्हिसा अडकलेला, सासूबाईंचे गुडघे धरलेले. दवाखान्यातून घरी आले त्या संध्याकाळी घरमालकाची आई पातेलं घेऊन दारात उभी. सगळे तिला दाया म्हणत, म्हणजे आई. मीही म्हणू लागले. पातेल्यात तुपात परतलेला खजूर, वर दालचिनीचा चहा. तूप म्हणजे ‘रोनी कुर्दी’, मेंढीच्या दुधाचं. पहिल्या दिवशी वास सोसवत नाही, आठव्या दिवशी त्याशिवाय घास उतरत नाही. दूध यावं म्हणून शिमली दिली, ती निघाली आपली मेथी!

चाळीस दिवसांचा चिल्ला तिने माझ्याकडून काटेकोर पाळून घेतला. उशीखाली कात्री, कारण बाळंतिणीवर ‘शवे’ टपून असते. नाव ऐकून मी दचकलेच. पण तिकडे शव म्हणजे रात्र. पाचवीला सटवीसाठी कोयता ठेवणाऱ्या घरातली मी, हसणार कुठल्या तोंडाने? कात्रीने शवे पळाली असेल-नसेल, पण बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही या नियमापायी चाळीस रात्री माझ्या खोलीत कोणीतरी बाई झोपायला होती. रात्री तीनला उगाच रडू फुटायचं तेव्हा त्याचा उपयोग कळला.

भांडण झालं ते पाळण्यावरून. बेश्का म्हणजे लाकडी पाळणा, त्यात बाळाचे पाय सरळ करून दसराझा नावाच्या रुंद पट्ट्याने करकचून बांधायचं आणि ‘लाये लाये’ म्हणत झुलवायचं. माझ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की पाय असे ताणून बांधले तर खुब्याचा सांधा निसटू शकतो. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले, मोकळे हवेत. मी सांगितलं की दाया ‘सर चाव’ म्हणायची, म्हणजे शिरसावंद्य, आणि मी आंघोळीला गेले की पुन्हा आवळायची. शेवटी मी ओरडले. तेव्हा तिच्या सुनेने सांगितलं: १९९१ च्या वसंतात सद्दामच्या फौजेला भिऊन लाखो कुर्द डोंगर ओलांडून इराण-तुर्कस्तानकडे निघाले, त्यात दाया होती, पाठीला तान्हं मूल. पट्टा तोच. घट्ट बांधलेलं मूल पडत नाही, हे तिचं शास्त्र. त्यानंतर ती छातीपाशी बांधायची आणि पाय मोकळे ठेवायची. कुरकुरत, पण ठेवायची.

कावीळ मात्र दोघींनी मिळून बिघडवली असती. चौथ्या दिवशी लेक पिवळी दिसू लागली. दायाने पाळण्यावर पिवळी ओढणी टाकली, सोन्याची बांगडी ठेवली. जाऊबाई फोनवर म्हणाल्या, कोवळ्या उन्हात धर. बर्फात कुठलं ऊन? आणि पिवळ्या ओढणीखाली पिवळेपणा दिसतो तरी का? मी एक दिवस घालवला, त्याची अजून रुखरुख आहे. पुढे काविळीच्या उपचारासाठी दोन दिवस दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. दायाने पाळण्याला निळा मणीही बांधला होता. रंग बरोबर होता म्हणायचा. पण दवाखान्यात निसरड्या बर्फावरून माझ्याबरोबर आली ती दायाच. जाऊबाईंनी संध्याकाळी विचारलं, ‘गुटी चालू केलीस का?’

हात परके होते, हे खरं. आपले हात तेव्हा पुण्यात होते.

बरं, काढे. एस्पंद, म्हणजे आपला हरमल, दृष्ट काढायला सोप्यावर टाकतात. धूर झाला की तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. पोटात तर अजिबात घेऊ नका, त्याने गर्भ पडू शकतो. मेथीसुद्धा स्वयंपाकात ठीक, काढा करून बाळंतपणाआधी नको. ‘किल’ म्हणजे सुरमा, त्यात शिसं असतं. डोळ्यांत नको, नाळेवर तर नकोच. आणि बाळाला कोणी मीठ चोळू लागलं तर हात धरा. हजार वर्षांपूर्वीचा नामांकित हकीम, खुद्द इब्न सीनाने खारट पाण्याने आंघोळ घालायला सांगितलंय, पण तान्ह्याच्या कातडीतून मीठ रक्तात जातं आणि त्याने मुलं दगावली आहेत. मी डॉक्टर नाही, कुठलाही काढा तुमच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका, हे लिहायला हवं होतं वरच.

रोनी कुर्दी बाजारात सुटं मिळतं. नाकाला लावून बघा. मेंढीचा उग्र वास आला नाही तर दुकान बदला.