बकऱ्या राखायला कुत्रा पाळला तर बिबट येणार नाही का?

येईल. उलट कुत्रं हे बिबट्याचं आवडतं खाणं. ताडोब्याच्या बाजूच्या गावांत अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला आयतं ताटच. लांडगा, कोल्हा, मोकाट कुत्री यांना मात्र राखणीचं कुत्रं भारी पडतं. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं असतानाच बकऱ्यांत सोडा, तिथंच खाऊ-झोपू द्या. घरात लाडावलं की ते बकऱ्यांचं राहत नाही. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्याला खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट मानच धरतो. रेबीजची लस चुकवू नका. रात्री कोठा वरूनही बंद हवा. आमच्याकडे चारी बाजूंनी तट्टे होते, बिबट कवेलूंतून उतरला. बकरी गेलीच तर मढं हलवू नका, आधी वनरक्षकाला कळवा; पंचनाम्याशिवाय भरपाई नाही.