वॉल टेंट घ्यायचाय? आधी धुराडं ठरवा

तुम्ही चौघे मित्र शिकारीच्या हंगामात आठवडाभर मुक्कामाला जाता, रात्री पारा शून्याखाली उतरतो, गाडी तळापर्यंत पोचते आणि एरवी हाच तंबू घरच्यांबरोबर कॅम्पिंगला वापरायचा आहे. तेव्हा चूल बसवता येईल असा वॉल टेंट, म्हणजे चारी बाजूंना उभ्या कापडी भिंती (कनाती) असलेला तंबू, कोणता घ्यावा आणि कापड १० औंसाचं घ्यावं की १२ औंसाचं, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर आधीच देतो: १२ बाय १४ फुटांचा, ५ फूट उंच कनातींचा, १० औंसाच्या सुती कॅनव्हासचा तंबू घ्या. आत पाइपचा सांगाडा हवा आणि चूल जाड पत्र्याची, छतातून सरळ वर जाणाऱ्या धुराड्याची हवी. मात्र एवढं वाचून लगेच ऑर्डर देऊ नका. माझ्या मते तुम्ही प्रश्न कापडापासून सुरू केलाय, आणि तो सुरू व्हायला हवा धुराड्यापासून. कापड थोडं कमी प्रतीचं निघालं तर एखाद्या कोपऱ्यात पाणी ठिबकेल. धुराडं चुकलं तर रात्रभर डोळे चुरचुरतील, छताला ठिणग्यांची भोकं पडतील, आणि वाईटात वाईट म्हणजे झोपेत जिवावर बेतेल.

तंबूतून धुराडं बाहेर काढण्यासाठी कापडात एक उष्णतारोधक तुकडा शिवलेला असतो, त्याला स्टोव्ह जॅक म्हणतात. हा फायबरग्लासचा किंवा सिलिकॉन चढवलेल्या फायबरग्लासचा असावा. बहुतेक तंबू-चुलींचा पाइप ५ किंवा ६ इंच व्यासाचा असतो, म्हणून जॅकचं भोक आणि पाइप एकमेकांना जुळतात का, हे तंबू आणि चूल वेगवेगळीकडून घेत असाल तर आधी मोजून पाहा. छत उतरतं असल्यामुळे सरळ उभ्या पाइपसाठी त्यातलं भोक गोल नसतं, लांबट असतं. तंबू बनवणारे बरेच जण जॅक कोरा ठेवून देतात आणि भोक आपल्याला कापायला सांगतात. ते नेहमी थोडं लहानच कापावं. पुढे वाढवता येतं, कमी करता येत नाही. जॅकवर झाकण्यासाठी कापडी पाखं आहे का तेही बघा, कारण चूल न नेता गेलात तर पाऊस तिथूनच आत येईल.

जॅक छतात असावा की कनातीत, यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे लोक भेटतील. कनातीतून पाइप काढला की ठिणग्या छतापासून लांब पडतात आणि छतावरून घसरणारा बर्फ पाइपला ढकलत नाही, हे खरं आहे. पण त्यासाठी पाइपला कोपर घालावं लागतं. प्रत्येक वळणावर धुराची ओढ कमी होते आणि काजळी साठते. मी छताच्या बाजूचा आहे. पाइप सरळ वर जाऊ द्या आणि त्याचं तोंड तंबूच्या आढ्यापेक्षा निदान वीतभर तरी वर राहील इतकी लांबी घ्या. आढ्याच्या खाली तोंड राहिलं तर वारा छतावरून वळून पाइपात घुसतो आणि धूर उलटा तंबूत येतो. पाइप उंच असला की आतल्या गरम हवेचा स्तंभ लांब होतो, ओढ वाढते आणि ठिणग्याही वर पोचेपर्यंत बऱ्याच विझतात. वर ठिणगीजाळी हवीच, पण ती काजळीने बुजते हे लक्षात ठेवा. काल छान जळणारी चूल आज अचानक धुरायला लागली, तर आधी ती जाळी झटका. पाइपला तिन्ही बाजूंनी तारेने ताण द्या, नाहीतर वाऱ्याच्या झोताने जॅकवर सगळा भार येतो.

पाइपचे तुकडे जोडताना ज्या टोकाला चुण्या असतात ते खाली, चुलीकडे तोंड करून बसवायचं. धुरातला डांबरासारखा चिकट द्रव मग पाइपच्या आतूनच चुलीत उतरतो. उलटं जोडलं तर तो सांध्यातून बाहेर ओघळतो आणि नव्या कॅनव्हासवर काळे डाग पडतात, जे कधीच निघत नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप मी घेणार नाही. तो तापला की निघणारी वाफ छातीला चांगली नाही.

आता चूल. हलक्या घडीच्या टायटॅनियमच्या चुली दोन-चार किलोंच्या असतात, पाठीवर नेता येतात, पण त्यात लाकूड थोडं मावतं आणि तास-दीड तासात निखारे उरतात. तुमची गाडी तळापर्यंत जाते, मग वजनाची काटकसर कशाला करायची? जाड पत्र्याची चूल जड असते, पण ती वाकत नाही आणि आग मंदावल्यावरही बराच वेळ उष्णता देत राहते. दाराला घट्ट बसणारी दोरी-गॅस्केट, खाली हवा कमीजास्त करायची झडप आणि पाइपात डँपर (धुराची ओढ कमीजास्त करणारी फिरती चकती), या तीन गोष्टी असतील तर आगीवर तुमचा ताबा राहतो. पेटी लांब असलेली घ्या, कारण लाकडं आखूड कापण्यात फार वेळ जातो. ‘रात्रभर जळते’ या जाहिरातीवर फार विसंबू नका. पहाटे एकाला उठून लाकूड घालावंच लागतं, आणि पाळी लावून ते केलं तर कुणालाच जड जात नाही.

चुलीच्या तळाशी इंचभर वाळू पसरा, तळ जळून जात नाही. नवी चूल पहिल्यांदा तंबूत पेटवायची नाही. उघड्यावर चांगली तापेपर्यंत जाळा, म्हणजे रंगाचा आणि तेलाचा धूर तिथेच निघून जाईल. लाकूड पुरतं वाळलेलं हवं, ओलावा २० टक्क्यांच्या आत. ओल्या लाकडाची बरीच आग स्वतःचं पाणी उकळवण्यातच खर्च होते आणि पाइप तुंबतो.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण याकडे लोक दुर्लक्ष करतात. या वायूला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं समजणं चूक आहे. उलट ज्वाळा विझून नुसते निखारे उरतात तेव्हाच हा वायू भरपूर तयार होतो, आणि नेमकं त्याच वेळी लोक ऊब टिकवायला डँपर पूर्ण बंद करून झोपतात. डँपर कधीही पूर्ण बंद करू नका. खाली हवा आत यायला एक फट आणि वर बाहेर जायला एक खिडकी, दोन्ही थोडी उघडी ठेवा. बाहेर बर्फ पडत असेल तर खालची फट बर्फाने बुजली नाही ना, हे झोपण्याआधी बघा. बॅटरीवर चालणारा अलार्म झोपण्याच्या उंचीवर लावा. बऱ्याच घरगुती अलार्मची काम करण्याची मर्यादा साधारण ४ अंश सेल्सिअसपासून सुरू होते, म्हणून घेताना खोक्यावरचा आकडा वाचा आणि लिथियमच्या बॅटऱ्या वापरा, साध्या बॅटऱ्या थंडीत लवकर बसतात. एकापेक्षा जास्त जणांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर कारण शोधत बसू नका, सगळे बाहेर पडा. आणि कोळशाची शेगडी तंबूत कधीच आणायची नाही, थोडा वेळसुद्धा नाही.

कापडाचा तुमचा मूळ प्रश्न. १० औंस म्हणजे एका चौरस यार्ड कापडाचं वजन, आपल्या हिशेबात चौरस मीटरला साधारण ३४० ग्रॅम. १२ औंस म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम. महिनोन्महिने एका जागी उभा राहणारा तळ असेल तर १२ औंस ठीक. आठवड्याच्या मुक्कामांसाठी १० औंस पुरेसं टिकतं, उचलायला हलकं जातं आणि लवकर वाळतं. औंसापेक्षा विणीकडे बघा: दोन पदरी धाग्याचं घट्ट विणलेलं कापड त्याच वजनाच्या विरळ कापडापेक्षा कितीतरी चांगलं. आढ्यावर, कोपऱ्यांत आणि दोऱ्या बांधायच्या जागी जादा पट्ट्या शिवल्यात का, तेही उलटून पाहा.

कापडावर पाणी, बुरशी आणि आग या तिन्हींची प्रक्रिया केलेली मिळते. चूल वापरणार म्हणजे आगीची हवीच. माहितीपत्रकात सीपीएआय-८४ असा उल्लेख असेल तर तंबूच्या कापडाची ज्वाला पसरण्याची चाचणी झालेली आहे एवढं समजावं. याचा अर्थ कापड पेटत नाही असा नव्हे, पेटल्यावर आग भराभर पसरत नाही इतकाच. चूल आणि कनात यांच्यात निदान दीड-दोन फूट अंतर ठेवा, आणि चुलीमागे पत्र्याचा आडोसा लावा.

नायलॉनचे एकखांबी, चूल बसणारे तंबूही मिळतात आणि रोज तळ हलवणाऱ्यांसाठी तेच योग्य. पण नायलॉनला ठिणगी लागली की भोक पडतं, आणि चूल विझली की पहाटेपर्यंत आतून पाणी टपकायला लागतं. सुती कापड श्वास घेतं. ओले बूट, ओली जाकिटं घेऊन चार माणसं संध्याकाळी आत शिरतात तेव्हा हा फरक कळतो.

आकाराचा हिशेब कागदावर करा. १० बाय १२ म्हणजे १२० चौरस फूट. चार खाटांना ६५ चौरस फूट गेले, चूल आणि तिच्या भोवतीची मोकळी जागा मिळून ३० गेले. उरले २५, त्यात लाकूड, सामान, टेबल आणि चालायची वाट. १२ बाय १४ मध्ये ७० च्या वर उरतात. १४ बाय १६ ऐसपैस वाटतो, पण तो तापवायला लाकूड जास्त लागतं आणि सपाट जागा शोधणं अवघड जातं. घरच्यांबरोबर जाताना मुलं असली तर ही मोकळी जागाच तुमच्या कामाची आहे, चुलीभोवती कुणाचा धक्का लागता कामा नये.

सांगाड्यासाठी झाडाचे वासे तोडणं पूर्वी चालायचं, आता अनेक जंगलांत उभं झाड तोडायला बंदी आहे. विजेच्या वायरिंगला वापरतात तो धातूचा कंड्युट पाइप आणि तयार कोनजोड घेतले तरी मजबूत सांगाडा होतो. ॲल्युमिनियमचा हलका असतो. जास्त बर्फाच्या जागी जायचं असेल तर वाशांची एक जोडी वाढवा. वरून फ्लाय (छतावरचं जादा आच्छादन) टाकणार असाल तर त्यालाही पाइपसाठी स्वतःचा जॅक हवा. प्लास्टिकची ताडपत्री पाइपला नुसती टेकली तरी वितळते.

शिवलेली जमीन असलेला तंबू नको. वेगळी चटई झोपण्याच्या बाजूला अंथरा आणि चुलीची बाजू मातीची राहू द्या. कनातीच्या खाली आत दुमडायची प्लास्टिकची पट्टी मात्र असावी, वाऱ्याचा झोत आणि उंदीर दोन्ही अडतात.

शिकारीच्या तळासाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. बंदूक थंडीतून उबदार तंबूत आणली की धातूवर आणि दुर्बिणीच्या काचेवर दव साचतं, आणि सकाळी बाहेर नेल्यावर ते गोठतं. गोळ्या काढून, पेटीत कुलूप लावून ती थंडीतच ठेवा, आणि काडतुसं चुलीपासून दूर. मांस आणि खाण्याचे डबे झोपण्याच्या तंबूत ठेवायचे नाहीत. अस्वलांचा मुलूख असेल तर मुळीच नाहीत. कपडे वाळवायला आढ्याखाली दोरी बांधा, पण चुलीच्या बरोबर वर नको, एक मोजा खाली पडला तरी पुरे आहे. चामड्याचे बूट चुलीजवळ ठेवले तर चिरतात, ते लांबच सावकाश वाळू द्या. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढा, आत निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो.

तंबू घरी आला की निघण्याआधी अंगणात किंवा मैदानात एकदा पूर्ण उभा करा. पाण्याच्या नळीने चांगला भिजवा आणि तसाच ताणलेला वाळू द्या. सुताचे धागे फुगतात आणि शिलाईची भोकं बुजतात. एका वेळेने काम भागलं नाही तर पुन्हा भिजवा. त्याच दिवशी चूल लावून पाइपची उंची बघा, चौघांनीही उभारणी शिकून घ्या, कारण पहिल्या मुक्कामाला तुम्ही अंधारात पोचण्याची शक्यता बरीच असते. परत आल्यावर तंबू पुरता वाळवूनच गुंडाळा. दमट कापडाला उबदार जागी एक-दोन दिवसांत बुरशी धरते. सकाळी दंव असताना तळ उठवावा लागला तर घरी पोचल्या पोचल्या तो पसरून टाका, बाकीचं सामान नंतर लावलं तरी चालतं.