जीपच्या डिफरन्शियलचे सील दोनदा बदलूनही ऑइल का गळते?

सील नवे असूनही गळती थांबत नसेल, तर आधी डिफरन्शियलच्या (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या) हाउसिंगवरचा, म्हणजे बाहेरच्या कवचावरचा, ब्रीदर (हवा आत-बाहेर जाऊ देणारे छोटे तोंड) काढून पाहावा. खानापूर-जांबोटी भागातल्या लाल चिखलाने तो बुजला, की चढावर तापलेली आतली हवा फुगून ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. आणि तेच तापलेले हाउसिंग ओढ्यात एकदम गार झाले, की पाणी आत ओढले जाते. डिफरन्शियलमध्ये ऑइल फिरवायला बहुधा पंप नसतो. क्राउन व्हील, म्हणजे आतले मोठे दातेरी चाक, ऑइलमध्ये बुडून फिरते आणि तेच ऑइल उडवून पिनियनच्या (त्याला फिरवणाऱ्या लहान दातेरी चाकाच्या) बेअरिंगपर्यंत पोहोचवते, म्हणून गाडी सपाट जागी उभी करून पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आहे ना, हे बोटाने तपासावे. बोटावरचे ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. ते लगेच बदलावे. हायपॉइड गिअरला (ज्यात पिनियन क्राउन व्हीलच्या मध्यरेषेपासून सरकवलेला असतो) सहसा जीएल-५ या दर्जाचे गिअर ऑइल लागते, मात्र ग्रेड गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्यावा.