सोलापुरात वडिलांना गुडघेदुखीवरच्या आयुर्वेदिक औषधाच्या चाचणीत घेतो म्हणतात. चाचणी खरी आहे हे कसं ओळखायचं?

आधी चाचणीचा सीटीआरआय क्रमांक मागा. तो मिळेपर्यंत सही करू नका. सीटीआरआय ही आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, क्लिनिकल (माणसांवरच्या) चाचण्यांची नोंदवही २००७ पासून चालू आहे. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते आणि आयुर्वेद, योगाच्या चाचण्याही तिथेच नोंदतात. क्रमांक सीटीआरआयच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुढच्या गोष्टी तुमच्या हक्काच्या आहेत:

- संमतीपत्र वडिलांना समजेल त्या भाषेत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. तसं असेल तर तेलुगूत मागा, संकोच करू नका.
- नैतिकता समितीची (सहभागींचं हित जपलं जातं का हे पाहणाऱ्या समितीची) मंजुरी.
- चाचणीसाठीच्या जादा तपासण्यांचे पैसे न घेणं, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार.
- कधीही बाहेर पडण्याची मुभा.

मात्र नोंदणी म्हणजे औषध गुणकारी किंवा निर्धोक असल्याची हमी नव्हे, ते तर अजून तपासायचंच आहे. म्हणून वडिलांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची यादी संशोधकांना दाखवा, आणि नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यातली एकही बंद करू नका.