मिनी दुधाळ शेळ्या: दर महिन्याला जंताचं औषध पाजू नका

हौसेने मिनी शेळ्या पाळणाऱ्यांचे बरेच प्रश्न आलेत आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, दुकानदार सांगतो दर महिन्याला जंताचं औषध पाजा, पाजू का? नाही. कॅलेंडर बघून औषध पाजायचं नाही. याने जंत मरत नाहीत तर औषधाला सरावतात, मग खरंच गरज पडते तेव्हा तेच औषध पाण्यासारखं जातं. कितीतरी गोठ्यांत बघितलंय, कपाटात चार बाटल्या आणि शेळी पांढरीफटक.

त्यापेक्षा पापणी बघा. दर पंधरा दिवसांनी, पावसाळी दमट दिवसांत दर आठवड्याला, खालची पापणी हलकेच खाली ओढून आतला रंग बघायचा. लाल किंवा लालसर गुलाबी असेल तर औषधाला हात लावू नका. फिकट किंवा पांढरट दिसली की रक्त पिणारा जंत पोटात आहे असं धरून लगेच डॉक्टरांना दाखवा. याचं रंगाचं कार्ड मिळतं, फामाचा म्हणतात, १ ते ५ असे रंग असतात, ४ आणि ५ म्हणजे उपचार हवाच. कार्ड कसं वापरायचं ते डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या. पापणीवरून सगळेच जंत कळत नाहीत हेही लक्षात ठेवा, हगवण असेल किंवा वजन घटत असेल तर लेंड्या तपासून घ्या.

आता डोसचं. नायजेरियन ड्वार्फ या मिनी दुधाळ जातीची शेळी पूर्ण वाढली तरी खांद्यापर्यंत ५७ सेंटिमीटरच्या आसपास, वजन साधारण ३०-३५ किलो. दुकानदार मोठ्या शेळीचा अंदाज धरून डोस सांगतो आणि लेव्हामिसोलसारख्या जंताच्या औषधात योग्य डोस आणि विषारी डोस यात फार अंतर नसतं. अंदाजाने डोस देऊ नका! शेळी उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, फरक म्हणजे तिचं वजन. कमी डोसही देऊ नका, त्यानेच जंत निर्ढावतात. आणि गाभण राहिल्यावर सुरुवातीच्या दिवसांत अल्बेंडाझोल हे जंताचं औषध नको, करडात व्यंग येऊ शकतं. बोकड कधी लागला माहीत नसेल तर गाभण आहे असंच समजा.

विचारणाऱ्यांपैकी एकाचा खच्ची बोकड सारखा कुंथतो, दात खातो, शेपटी हलवतो, म्हणून दुकानातून पोट साफ व्हायचं औषध आणलंय. ते पाजत बसू नका. बद्धकोष्ठ वाटतं पण बहुतेक वेळा मूतखडा अडकलेला असतो, यात तासातासाला फरक पडतो, आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठा. कारण बहुधा खुराक. लाडाने धान्य चारलं की फॉस्फरस वाढतो, मूत्रमार्ग आधीच बारीक. खच्ची बोकडाला वाळलेलं गवत, झाडपाला आणि भरपूर स्वच्छ पाणी, बास. धान्य दूध देणारीलाच, तेही मोजून आणि आठवडा-दहा दिवसांत हळूहळू वाढवत. खनिज मिश्रण शेळ्यांचंच घ्या, मेंढ्यांच्यात तांबं नसतं किंवा फार कमी असतं आणि शेळीला ते लागतं, पण म्हणून तांब्याच्या गोळ्या वरून स्वतःच्या मनाने देऊ नका, जास्त झालं तर लिव्हर जातं.

'टीकप गोट' म्हणजे कायम इवलीशीच राहणारी शेळी म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका, अशी जातच नाही, एकतर कोवळं करडू असतं नाहीतर वाढ खुंटलेलं. तोंड उघडून खालचे दात बघा, सगळे बारीक दुधाचे असतील तर ते वर्षाच्या आतलंच आहे, अजून वाढणार. आणि एकटी शेळी तर आणूच नका, ओरडून ओरडून खाणं सोडते, दोन तरी हव्यात. नर करडं दोन महिन्यांची झाली की आईपासून आणि बहिणींपासून वेगळी करा, एवढ्या वयातही गाभण करू शकतात. या शेळीला मोठ्या जातीचा बोकड लावायचा नाही म्हणजे नाही, विताना अडते.

आंत्रविषार आणि धनुर्वाताची लस चुकवू नका, वेळापत्रक डॉक्टरांचंच पाळा. शेळीपालनाच्या सरकारी योजनांचं थोडक्यात, त्या सहसा धंद्याच्या गटासाठी असतात, हौसेच्या दोन शेळ्या त्यात बसतील असं धरून चालू नका, दवाखान्यात विचारा.

दुधाचं म्हणाल तर दिवसाला लिटर दोन लिटर, फॅट सहा टक्क्यांच्या आसपास, उकळूनच प्या. औषध पाजलंय तर दूध किती दिवस टाकून द्यायचं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात घेऊ नका, दुकानदार "काही होत नाही" म्हणाला तरी नाही.