मेलबर्नच्या बाहेर यारा व्हॅलीत आमची छोटी बाग आहे, सांबरं रोपं खातात, काय करावं?

पहिलं काम कुंपण. साध्या मेंढ्यांच्या कुंपणावरून सांबर आरामात उडी मारतं, त्यामुळे साधारण दोन मीटर उंच जाळी लागते, खर्चिक आहे पण दुसरं काहीच इतकं टिकाऊ नाही. सगळ्या जमिनीला परवडत नसेल तर निदान नवीन रोपांना तरी घाला. नर सांबर शिंगं घासून खोडाची साल सोलून काढतो आणि साल गोलाकार पूर्ण निघाली की ते झाड गेलंच, म्हणून मोठ्या झाडांच्या खोडांनाही जाळी गुंडाळा. आवाज, लाइट वगैरेनं घाबरवलं तरी सांबरं त्याला थोड्याच दिवसांत सरावतात.

ही सांबरं मूळची आपल्याकडचीच बरं का, 1860 च्या दशकात शिकारीसाठी इथल्या व्हिक्टोरिया राज्यात आणून सोडली, आणि इथे त्यांना खाणारा वाघ नाही मग वाढणारच. शूटिंगशिवाय संख्या कमी होत नाही हे ऐकायला जड जातं, मलाही जातं, पण इथल्या ओढ्याकाठची झाडी पार तुडवलेली बघितली की पटतं. त्यातही फक्त मोठ्या शिंगांचे नर मारून काही होत नाही, माद्या कमी झाल्या तरच फरक पडतो.

स्वतःच्या जमिनीवरचे नियम वेगळे आणि सरकारी जंगलातले वेगळे, तर आधी स्टेटच्या वेबसाइटवर बघा, लायसन्सवाला अनुभवी शूटरच बोलवा. आणि शेजाऱ्यांना सोबत घ्याच, एकट्याने केलं तर पलीकडच्या जमिनीतून परत येतात.