बी मेलेलं नाही, गणंग आहे

तुम्ही विचारलंय की शिकागोजवळ घरामागे प्रेअरीची, म्हणजे इथल्या गवताळ माळरानाची, देशी शेंगवर्गीय झाडं मे महिन्यात पेरली, सहा आठवड्यांत एकही कोंब नाही, तर बी खराब होतं का?

बहुधा नाही. मटकी रात्रभर भिजवली तरी दोन-चार दाणे टणकच राहतात आणि उसळ खाताना कचकन दाताखाली येतात. तेच ते गणंग. इथल्या रानातलं शेंगबी बरंचसं गणंगच असतं. साल इतकी घट्ट, की पाणी आत शिरतच नाही. सगळं बी एकदम उगवून एखाद्या कोरड्या वर्षात संपू नये, म्हणून झाडाने केलेली ती तजवीज.

मी पहिल्या वर्षी व्हाइट वाइल्ड इंडिगो या प्रेअरीतल्या शेंगझाडाचं बी पाकिटातून थेट वाफ्यात टाकलं. चाळीस दाण्यांतून तीन रोपं आली, तीही सशांनी खाल्ली. पुढच्या वर्षी बी पॉलिश पेपरच्या दोन तुकड्यांत धरून हलकेच घासलं. चकाकी गेली की थांबायचं, आतलं दल दिसलं म्हणजे जास्त झालं. मग रात्रभर पाण्यात. सकाळी जे टम्म फुगलेत ते घ्यायचे, उरलेले पुन्हा पेपरवर. फुगलेले दाणे ओलसर वाळूत दहा दिवस फ्रीजमध्ये ठेवले आणि मेमध्ये पेरले. घासलेलं बी नोव्हेंबरात मात्र पेरू नका, पाणी पिऊन थंडीत कुजतं. तेव्हा पेरायचं तर न घासताच.

रायझोबियमही लावा, म्हणजे शेंगझाडांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र देणारे जिवाणू. गावाकडे सोयाबीनला गुळाच्या पाण्यातून चोळतात तसंच, पण सोयाबीनचं पाकीट इथे कामाचं नाही. पर्पल प्रेअरी क्लोव्हरचं वेगळं, इंडिगोचं वेगळं. बी विकणाऱ्याकडूनच मागून घ्या.

इंडिगो फुलायला तीन-चार वर्षं घेतो. तोवर मुळं खाली जात असतात, म्हणून रोप उपटून हलवू नका. पहिल्याच उन्हाळ्यात पिवळी फुलं हवी असतील तर पार्ट्रिज पी लावा, वर्षायू आहे. आपल्या टाकळ्याचं भावंड शोभतं. मोठी झाल्यावर ही झाडं कशी दिसतात ते पाहायचं असेल तर शिकागोजवळच लाइल गावी मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानात १९६२पासून लावत आणलेली शुलेनबर्ग प्रेअरी आहे, जुलैत जा.

तुमचा वाफा उकरू नका. हिवाळ्यात माती गोठते-विरघळते, त्यात साली तडकतात. काही दाणे पुढच्या मेमध्ये वर येतील. त्याआधी भोवती जाळी लावून ठेवा.